समोरच्या खिडकीतला पडदा

बँकेत सगळे त्यांना किल्लीबाई म्हणत. लॉकरच्या तळघराला दोन किल्ल्या. एक मॅनेजरसाहेबांकडे, दुसरी एकोणीस वर्षं बाईंच्या गळ्यातल्या दोरीला. अंघोळीलाही त्या ती काढत नसत. "लग्न माझ्याशी केलंस की बँकेशी?" नवरा चिडवायचा.

एका सुट्टीच्या दुपारी धाकट्या बहिणीने त्यांना एका जुन्या सिनेमाला ओढून नेलं. दरोड्याचा, काळापांढरा. त्यातले चोर बँकेसमोर खोली घेतात आणि पंधरा दिवस नुसते बघत बसतात. दुर्बीण, वही, घड्याळ. कारकून कधी येतो, कुठे थांबतो, कोणत्या खिशात हात घालतो, सगळं टिपतात. तो बिचारा आपल्याच नादात शीळ घालत चाललेला. प्रेक्षक दरोड्याच्या वेळी सावरून बसले. किल्लीबाईंनी त्याआधीच गळ्यातली किल्ली मुठीत धरली होती.

सोमवारी बँकेच्या पायऱ्या चढताना त्यांनी सहज वर पाहिलं. समोरच्या पावाच्या दुकानावरच्या खोलीचा पडदा बोटभर उचललेला होता. त्या बघताच तो पडला. मंगळवारी तेच. बुधवारीही.

"बाई, सिनेमे कमी बघा," साहेब हसले.

"अगं, कोणीतरी हवा खात असेल," नवरा म्हणाला.

किल्लीबाईंना ते पटेना. मुलीला शाळेत सोडतानाही त्या चारदा मागे वळून बघत. शेवटी गुरुवारी त्यांनी रोजची निळी पिशवी घरी ठेवली, बहिणीचा लांब कोट घातला, डोक्याला रुमाल बांधला आणि त्या मागच्या गल्लीने येऊन पावाच्या दुकानात उभ्या राहिल्या. दहा वाजून पाच मिनिटं ही त्यांची रोजची वेळ. ती टळली. सव्वादहाला जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. एक माणूस धावत खाली आला, रस्ता दोन्ही बाजूंनी न्याहाळून दुकानात शिरला. अगदी त्यांच्या शेजारी.

"निळ्या पिशवीवाल्या बाई गेल्या का हो इथून? बँकेतल्या?"

"नाही बुवा," दुकानदार म्हणाला.

किल्लीबाईंच्या हातातला पाव चुरगळला. त्या माणसाच्या अंगाला सिगरेटचा वास येत होता. तो परत जिना चढेपर्यंत त्या तिथेच थांबल्या. मग त्या तडक पोलीस चौकीत गेल्या.

खोलीत दोघं सापडले, आणि एक वही. वहीत लिहिलं होतं: "डावा गुडघा दुखतो. मुलीची शाळा साडेनऊ. मुलीला धरलं की किल्ली देईल." चौकीत ते वाचून बाई तशाच मुलीच्या शाळेकडे निघाल्या.

साहेबांनी ओशाळून सत्कार ठरवला, वर्तमानपत्रात फोटोही द्यायचा म्हणाले.

"फोटो नको साहेब," किल्लीबाई म्हणाल्या. "अजून किती जणांनी बघायचं मला?"

किल्ली त्यांनी त्याच दिवशी टेबलावर काढून ठेवली. पुढची सहा वर्षं त्या आतल्या खोलीत टपाल लावत बसल्या, पण मुलीला शाळेत सोडायचा रस्ता मात्र रोज बदलत राहिल्या.