गोठ्याच्या दाराचं माप

मोशीत फारूक मिस्त्रीचं गॅरेज कुठे, असं विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. रंगरावांचा गोठा कुठे, असं विचारा, शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवील. गोठ्यात जनावर आता औषधालाही नाही. इंद्रायणीकाठची शेतं गेली, तिथे इमारती उठल्या, बैल विकले गेले. राहिला तो गोठा, आणि गोठ्यात फारूक. बैल बांधायच्या लोखंडी कड्या भिंतीत अजून शाबूत आहेत. त्यांना तो पाने अडकवतो.

फारूक औशाहून इकडे आला तेव्हा रंगरावांचा ट्रॅक्टर चौकात बंद पडला होता. चार जण चार सल्ले देत होते. फारूकने न विचारता बाह्या सावरल्या आणि ट्रॅक्टर चालू करून दिला. रंगरावांनी त्याला हाताला धरून गोठ्यावर आणलं. "हितं बस. धंदा कर." भाड्याचं काय, असं विचारताच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "घरच्या माणसाकडनं भाडं घेत्यात व्हय?"

झालं. एका वाक्यात फारूक घरचा झाला आणि तिथेच अडकला. मुलगा झिशान तेव्हा रांगत होता. आता त्याला दाढी आली आहे.

भाडं असतं तर किती बरं झालं असतं, असं फारूकला पुढे अनेकदा वाटलं. भाडेकरू निदान नोटीस देऊन निघू तरी शकतो. घरच्या माणसाने कुणाला नोटीस द्यायची? रंगरावांचा टेम्पो, पुतण्यांच्या मोटारी, व्याह्यांचा पाण्याचा टँकर, सगळं गोठ्यावर यायचं आणि फुकटात नीट होऊन जायचं. बरं, रंगरावांना नावं ठेवावीत तर तीही सोय नाही. माणूस मनाचा मोठा, सगळ्यांचा आबा. फारूकची बायको जमिला दुसऱ्या बाळंतपणात अडली तेव्हा स्वतः जीप हाकत त्यांनीच तिला दवाखान्यात नेलं होतं. दिवाळीच्या फराळाचं पहिलं ताट फारूककडे येतं. देवाने एखादा खडूस मालक दिला असता तर फारूक केव्हाच सुटला असता, पण नशिबी आला हा भला माणूस.

झिशानला मात्र हे भलेपण पचलं नाही. एका ईदला फारूक नमाज पढून घरी परतत असताना रंगरावांच्या पुतण्याची गाडी रहाटणीत बंद पडली, म्हणून फोन आला. फारूक तसाच गेला. घरी शीरखुर्मा गार झाला, पाहुणे उठून गेले, आणि दुपारी हा परतला तो पांढऱ्या कोऱ्या कुर्त्यावर काळं ऑइल घेऊन. त्या दिवसापासून झिशान गोठ्याची पायरी चढला नाही. चाकणला दुसऱ्यांच्या हाताखाली काम करत त्याने यंदा स्वतःचा गाळा घेतला. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर उघडायचा होता.

"अब्बा, पेंटर पाटी रंगवतोय," बुधवारी सकाळी त्याने फोन केला. "तुम्ही येणार असाल तर 'फारूक ऑटो वर्क्स' लिहितो. नसाल येणार तर माझं नाव. पण आज सांगा."

"येणार रे," फारूक म्हणाला.

"आबांना सांगितलंत?"

"आज सांगतो. गाडीची चावी हातात देताना."

ती गाडी म्हणजे रंगरावांची जुनी पिकअप, चारही चाकांनी ओढणारी. एके काळी चिखलातून ऊस, कडबा, खत ओढून तिने हाडं झिजवली होती. शेत गेल्यावर ती धूळ खात पडली. आता रंगरावांचा नातू प्रज्वल याच्या मनात तिने घर केलं. मोबाइलवर उंच केलेल्या गाड्या डोंगर चढताना पाहून त्याने हट्ट धरला की आपलीही चार इंच उचलायची आणि खाली मोठे टायर घालायचे. नातवाचा हट्ट म्हणजे रंगरावांचा हुकूम, आणि रंगरावांचा हुकूम म्हणजे फारूकचं काम.

फारूकने हे काम निरोपाचं समजून केलं. मागे कुणी म्हणायला नको की मिस्त्री अर्धवट टाकून पळाला. पुढचे-मागचे स्प्रिंगचे पाटे उतरवले. गंजलेले यू-बोल्ट काही केल्या फिरेनात, ते गॅस लावून कापले. नवे कमानदार पाटे बसवले, लांब शॉकअप घातले. चेसी वर गेली की ब्रेकची नळी ताणून तुटते, म्हणून तीही लांब घातली. जुन्या पाट्यांची मापं, नव्यांची मापं, चाक वळवल्यावर मडगार्डला टायर घासतो का, सगळं तीन-तीनदा पाहिलं. एकेक नट आवळताना त्याला हलकं वाटत होतं. हा टँकरचा, हा टेम्पोचा, हा जमिलाला नेलेल्या जीपचा, असं मनाशी म्हणत तो आवळत गेला. शेवटचा नट बसला आणि हिशेब मिटला.

रंगराव नारळ घेऊन आले, प्रज्वल मोबाइल उगारून उभा राहिला. फारूकने पिकअप चालू केली. जमिलाने सकाळी धुतलेला शर्ट दिला होता, तो अंगात होता. वाक्य तोंडात तयार होतं. गाडी दिमाखात पुढे आली आणि दाराशी येऊन थांबली.

गाडीचा टप दारावरच्या तुळईला भिडत होता. बैलांसाठी बांधलेलं दार ते, किती उंच असणार? जुनी पिकअप त्याखालून जेमतेम आत आली होती. आता ती उंच झाली आणि दार होतं तेवढंच राहिलं. जगाचं माप घेणाऱ्या फारूकने दाराचं माप घेतलं नव्हतं. इतकी वर्षं त्याखालून येता-जाता ते दार त्याला दिसेनासंच झालं होतं.

प्रज्वल खदाखदा हसला. रंगराव नारळ हातात धरून नुसते पाहत राहिले.

"आबा, काळजी करू नका," फारूक घाईने खाली उतरला. "जुने टायर परत चढवतो, हवा उतरवतो, हौद्यात दहा माणसं बसवू. पाटे दबले की निघेल बाहेर. आत्ता काढतो."

"निघंल रं," रंगराव म्हणाले. "पर परत आत घालायची कशी? उद्या काय बिघडलं, तर रस्त्यावर करणार व्हय?"

फारूककडे याचं उत्तर होतं. उत्तर असं, की उद्या मी नसेन. ते द्यायचं सोडून तो टायरची हवा बघू लागला.

"चूक तुजी न्हाई, माजी हाय," रंगराव पुढे म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच जड झाला. "इतकी वर्सं तू वाकून काम केलंस ह्या बैलांच्या दारात. माज्या ध्यानातच आलं न्हाई. आज गाडी अडली तवा कळलं." त्यांनी शेजारच्या इमारतीवर काम करणाऱ्या भिवा गवंड्याला हाक मारली. "भिवा, ही तुळई काढ. दार उंच करायचं. आन वर पाटी लावायची, मिस्त्रीच्या नावाची."

भिवा आला, मान वर करून पाहू लागला. "किती उंच ठेवू, आबा?"

"मला काय इचारतोस? मिस्त्रीला इचार. जलमभर त्यालाच वापरायचंय."

भिवाने खडू पुढे केला. फारूकने तो घेतला, पण हात काही वर गेला नाही. आत्ता नाही तर कधीच नाही, हे त्याला ढळढळीत दिसत होतं. "आबा," तो म्हणाला, "मी शुक्रवारपासून चाकणला चाललोय. झिशानच्या गाळ्यावर."

बोलला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलला.

रंगरावांचा चेहरा खुलला. "म्हाईत हाय की मला! पोरानं नाव काढलं तुजं. बापानं जायाच पायजे. जा, चार दिस ऱ्हा, त्याची घडी बसवून दे. तवर हिकडं भिवा दार करतोय."

"चार दिवस नाही, आबा..."

"बरं, आठ दिस घे." रंगरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी काय मोजत बसणार हाय? घरचं माणूस तू."

तो हात जड नव्हता. झटकून टाकावा असा तर मुळीच नव्हता. फारूकला रडू फुटेल असं वाटलं, आणि राग आला, आणि तो कुणावर काढावा हेच कळेना. भिवा उन्हात ताटकळला होता. फारूकने हात वर केला आणि भिंतीवर खडूने रेघ ओढली. ओढल्यावर सवयीने ती सरळ आहे की नाही तेही पाहिलं.

रंगरावांनी पिकअपसमोर नारळ फोडला तेवढ्यात फोन वाजला. फारूक कड्यांच्या भिंतीपाशी गेला.

"सांगितलंत?" झिशानने विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"आठ दिवस जाऊन ये म्हणाले."

झिशान हळू आवाजात म्हणाला, "अब्बा, पेंटर थांबलाय. काय सांगू त्याला?"

प्रज्वलने आणून दिलेला खोबऱ्याचा तुकडा फारूकच्या हातात होता. समोर पिकअपचं नाक दारात, आणि दाराच्या वर हातभर उंचावर त्याने स्वतः ओढलेली पांढरी रेघ.

"तुझंच घाल नाव," तो म्हणाला. "तुझंच बरं दिसेल."

"मिस्त्री, गाडी जरा मागं घ्या," भिवा ओरडला. त्याला तुळईवर घण घालायला जागा हवी होती. फारूक चढून आत बसला आणि त्याने पिकअप पुन्हा गोठ्यात मागे घेतली, पार शेवटच्या भिंतीपर्यंत.