आवाज नसलेला वर्ग

आमची मुलगी आठवीत होती त्या वर्षी आमच्या घरात एकच विषय होता. नववीला कुठे?

आम्ही अमेरिकेत हर्नडनला राहतो. इथे सरकारी शाळा घराच्या पत्त्यावर ठरते. तुमच्या गल्लीचं जे हायस्कूल असेल तिथे मूल आपोआप जातं. शिवाय एखादी मॅग्नेट शाळा असते, तीही सरकारीच, पण निवडून घेणारी. त्यासाठी मुलं अर्ज करतात, परीक्षा देतात, निबंध लिहितात. नववी ते बारावी एकाच शाळेत होते. आपल्याकडे दहावीनंतर अकरावीला नवं कॉलेज मिळतं आणि आधीची निवड चुकली असेल तर ती दुरुस्त करता येते. इथे तसं नाही. एकदा ठरलं की चार वर्षं तिथेच.

आमच्या मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. तिला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. ती बोलायला लागेना म्हणून तपासण्या केल्या तेव्हा ते कळलं, आणि तेव्हापासून ती कानात हिअरिंग एड घालते. घरी आम्ही त्याला मशीन म्हणतो. मशीन घातलं म्हणजे सगळं नीट ऐकू येतं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. आवाज मोठा होतो, पण सगळेच आवाज मोठे होतात. समोरच्याचं बोलणं, मागची खुर्ची, एसी, बाहेरचा ट्रक, सगळं एकदमच. त्यातून शब्द वेचून काढायचं काम तिचं तिलाच करावं लागतं.

ती आज इतकी स्वच्छ बोलते याचं श्रेय माझ्या बायकोला आहे. ती नागपूरची, आणि माझ्यापेक्षा हुशार इंजिनिअर. मुलीसाठी तिनं काही वर्षं नोकरी सोडली. दिवसभर ती तिच्याशी बोलत राहायची. ही गवार, हिला दोन्हीकडून मोडायची. हे पोळपाट. ही तुझी ओली चप्पल. स्पीच थेरपिस्टनं सुचवलं होतं की घरी एकच भाषा ठेवा, इंग्रजी. बायकोनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी येऊन मराठी चालू ठेवली. ‘ळ’ शिकवताना ती पोरीचं बोट स्वतःच्या गळ्याला लावून ‘बाळ, केळं, फळा’ म्हणायची. इथे जन्मलेल्या ज्या मुलांना उत्तम ऐकू येतं त्यांना ‘ळ’ येत नाही. आमच्या मुलीला येतो.

बायकोचा एक नियम होता. कानांमुळे पोरीनं काहीही सोडायचं नाही. पोहणं, बुद्धिबळ, शाळेच्या सहली, काही म्हणजे काही नाही. म्हणून मॅग्नेट शाळेचा अर्ज भरायचा की नाही, ही चर्चाच झाली नाही. पोरगी गणितात चांगली होती. तिनं परीक्षा दिली आणि तिची निवड झाली.

त्या दिवशी बायकोनं पुरण घातलं. कामाचा दिवस होता, सण नव्हता. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्या घरांमधून फोन आले. एक काकू तर पेढे घेऊन आल्या आणि पोरीला जवळ घेऊन म्हणाल्या की तू सगळ्यांना दाखवून दिलंस. बायकोचे डोळे भरून आले. मलाही बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. पोरगी मात्र पोळी खाऊन लवकर वर गेली. थकली असेल म्हणून आम्ही सोडून दिलं.

मग त्या शाळेनं निवडलेल्या मुलांना पालकांबरोबर शाळा बघायला बोलावलं. शाळा सुरेखच होती. मधोमध उंच छताचा काचेचा हॉल, त्याच्या बाजूनं प्रयोगशाळा. वर्गात बाक ओळीनं नव्हते. चार-चार मुलांची टेबलं होती, सगळी मुलं एकदम बोलत होती, वाद घालत होती, आणि शिक्षक त्यांच्यामधून फिरत होते. अशा शाळेत मला शिकायला मिळालं असतं तर, असं मनात येऊन गेलं. मुख्याध्यापकांना आम्ही कानांचं सांगितलं. ते मनापासून म्हणाले की लागेल ती सोय करू, शिक्षक गळ्यात माइक घालतील. या छोट्या माइकचा आवाज थेट मुलीच्या मशीनमध्ये जातो. आठवीपर्यंतच्या शाळेत ती तो वापरायचीच.

तेवढ्यात एका टेबलावरच्या मुलामुलींनी तिला बोलावलं आणि आपला रोबोट दाखवायला लागली. मी थोडा लांब उभा होतो. पोरगी त्यांच्याकडे बघून हसत होती, मान हलवत होती. ती मान मला माहीत आहे. तिला ऐकू आलेलं असलं की ती मध्ये बोलते, प्रश्न विचारते, चुका काढते. नुसती हसून मान हलवते तेव्हा तिला काहीही कळलेलं नसतं. शिक्षकांचा आवाज माइकनं तिच्यापर्यंत पोचला असता. टेबलावरच्या चौघांचा कसा पोचणार?

गाडीत बायकोनं उत्साहानं विचारलं की तो रोबोट काय करतो.

“छान होता,” पोरगी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

मी बायकोला म्हटलं की उत्तर द्यायला अजून वेळ आहे, आपल्या गल्लीची शाळाही एकदा बघून घेऊ. तिला ते आवडलं नाही. मिळालेल्या जागेवर बसायचं सोडून दुसरीकडे कशाला बघायचं, असं तिचं म्हणणं. पण ती आली.

आम्ही शाळेच्या एका साध्या दिवशी गेलो, मुलं वर्गात असताना. ही शाळा जुनी, विटांची. घंटा झाली की कॉरिडॉरमध्ये इतका गोंगाट की मलाच कान झाकावेसे वाटले. एका वर्गात शेवटच्या बाकावरचा मुलगा चक्क डोकं टेकून झोपला होता. बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की बोलायची गरजच नव्हती. आमच्याबरोबर फिरणारी कौन्सेलर बाई मोकळ्या स्वभावाची होती. तिनं सांगितलं की शाळेत कमी ऐकू येणारी आणखी काही मुलं आहेत आणि त्यांच्यासाठी एक शिक्षिका रोज इथे असते. मग तिनं सहज विचारलं, “साइन लँग्वेजचा वर्ग बघायचाय? इथे ती दुसरी भाषा म्हणून घेता येते, स्पॅनिशसारखी.”

बायको चटकन म्हणाली की आमच्या मुलीला त्याची गरज नाही, ती बोलते.

“मला बघायचाय,” पोरगी म्हणाली.

कौन्सेलरनं दार उघडलं. वर्ग मुलांनी भरलेला होता आणि आत बोलण्याचा आवाज नव्हता. शिक्षिका स्वतः बहिऱ्या होत्या. त्या हातांनी, भुवयांनी, सगळ्या चेहऱ्यानं काहीतरी गोष्ट सांगत होत्या. बहुधा त्यांच्या कुत्र्यानं कुणाच्या तरी लग्नाचा केक खाल्ल्याची. मुलं खदखदून हसत होती. जवळजवळ सगळी नीट ऐकू येणारी मुलं, पण त्या तासाला कुणीच तोंडानं बोलत नव्हतं. एका मुलीनं हात वर केला आणि बोटांनी अडखळत काहीतरी विचारलं. शिक्षिकेनं थांबून तिची बोटं नीट केली आणि पुन्हा विचारायला लावलं.

आमच्या मुलीला त्यातली एकही खूण येत नव्हती. ती मागच्या एका रिकाम्या खुर्चीवर बसली. थोड्या वेळानं तिनं दोन्ही कानांतली मशीनं काढली आणि डबीत ठेवली. चारचौघांत तिला असं करताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. शिक्षिकेनं ते बघितलं आणि हसून तिला हातानं काहीतरी म्हटलं. शेजारच्या मुलीनं कागदावर लिहून अर्थ सांगितला असावा, कारण आमची पोरगी हसली आणि तीच खूण परत करून दाखवली. चुकली. पुन्हा केली. मग तिनंच एक प्रश्न विचारला, अर्धा हातवाऱ्यांनी आणि अर्धा लिहून. तास संपेपर्यंत ती प्रश्नच विचारत होती.

बायको दाराशी उभी होती, हाताची घडी घालून. तिच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला ओळखता येईना.

मग रविवारी सकाळी बायको डोसे घालत होती तेव्हा पोरीनंच विषय काढला. ती आमच्याशी मराठी-इंग्रजी मिसळून बोलते, महत्त्वाचं असलं की जास्त इंग्रजी. तेव्हाही सुरुवात इंग्रजीत झाली. मला मॅग्नेटमध्ये जमणार नाही असं नाही, ती म्हणाली, जमेल. मार्कही मिळतील. मग ती मराठीवर आली.

“पण आई, मी रोज दमून जाईन. नुसतं ऐकण्यानंच दमेन. मग शिकायला काय उरेल? आणि मैत्रिणी कधी करणार?”

बायकोनं गॅस बंद केला. तिनं विचारलं, म्हणजे तू आत्ताही दमतेस? पोरीनं मान हलवली. मग तू कधी सांगितलं का नाहीस?

“तू इतकं केलंस ना माझ्यासाठी,” पोरगी म्हणाली. “तुला वाईट वाटलं असतं.”

बायको मागच्या अंगणात गेली. मी तव्यावरचा डोसा काढला आणि तिच्या मागे गेलो. मार्चची थंडी होती, आणि ती स्वेटर न घालताच उभी होती.

“आपण माघार घेऊन राहिलो का रे?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, पोरीला जे मिळालं होतं ते तिनं परीक्षा देऊन मिळवलं. आता ते नको असं म्हणायचा हक्कही तिचाच आहे. भीतीनं नको म्हणत असती तर मी तुझ्या बाजूनं उभा राहिलो असतो. पण तू त्या वर्गात तिला बघितलंस ना?

“बघितलं,” ती म्हणाली. “एवढे प्रश्न तिनं घराबाहेर कुणाला विचारलेले मी नव्हते बघितले.”

मग ती आत आली, तिनं पुन्हा गॅस पेटवला आणि पोरीला विचारलं, “तुला किती घालू?”

दुसऱ्या दिवशी मॅग्नेट शाळेला नकार बायकोनंच फोन करून कळवला. तिकडून कारण विचारलं. ती म्हणाली की माझ्या मुलीनं विचार करून ठरवलंय. फोन ठेवल्यावर ती खुर्चीत मागे टेकून बसली आणि म्हणाली की मला वाटलं होतं मी रडेन, पण मला तर हलकं वाटतंय. मलाही तसंच वाटत होतं. महिनोन्महिने खांद्यावर काहीतरी घेऊन चालत होतो आणि ते खाली ठेवल्यावरच कळलं की केवढं जड होतं.

लोकांना अर्थात पटलं नाही. पेढेवाल्या काकू म्हणाल्या, अगं, हातात आलेली जागा सोडली? बायकोनं त्यांना नीट समजावून सांगितलं आणि त्यांना ते पटलं नाही तेव्हा चहा केला. काकूंचा नातू पुढे त्याच मॅग्नेट शाळेत गेला. तो तिथे अगदी खूश आहे, आणि त्याचा आम्हाला खरंच आनंद आहे. ती शाळा त्याच्यासारख्या मुलासाठी उत्तमच आहे.

आमच्या शाळेतही सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. एक शिक्षक माइक घालायला रोज विसरायचे. पूर्वी असं झालं की बायको ईमेल लिहायची. यावेळी ती लिहायला बसली तर पोरगी म्हणाली, नको, मी बघते. दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधी ती स्वतः त्यांच्या टेबलाशी गेली आणि माइक त्यांच्या हातात दिला. त्यांनी माफी मागितली. त्यानंतर तो माइक कुठे ठेवायचा ते त्या दोघांनी मिळून ठरवलं आणि पुन्हा तक्रार आली नाही.

आणि ती शाळेतून आली की बोलायला लागली. ओट्याला टेकून, हातात केळं घेऊन, कोण काय म्हणालं, कुणाचं कुणाशी भांडण झालं, सगळं. त्यातलं निम्मं ती हातांनी सांगायची. काही दिवस बायकोनं ते नुसतं बघितलं. मग एकदा भाजी चिरताना तिनं विचारलं की ‘कांदा’ कसा म्हणायचा. पोरीनं मूठ करून, एक बोट वाकवून ते डोळ्याजवळ फिरवून दाखवलं. बायकोनं हात पुसले आणि करून बघितलं. मग गवार विचारली. गवारीला खूणच नव्हती, तेव्हा दोघींनी मिळून एक तयार केली, शेंग दोन्हीकडून मोडल्याची.

दहावीच्या शेवटी पुन्हा निवड करायची वेळ आली. अकरावी-बारावीत अर्धा दिवस जवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये जाऊन काही विषय शिकता येतात. पोरीनं तिथले वर्ग आधीच जाऊन बघितले होते, तिथल्या प्राध्यापकांशी बोलली होती. जेवताना तिनं आम्हाला सांगितलं की गणित आणि जीवशास्त्र तिथे घेईन, बाकीचं शाळेत. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. विचारायला काही उरलंच नव्हतं. बायको म्हणाली, बरं, भात वाढू का?

गेल्या गणेशोत्सवात मंडळानं एका शाळेचं जिम, म्हणजे खेळांचा मोठा हॉल, भाड्यानं घेतलं होतं. पुण्या-मुंबईहून इथे आलेल्या पोरांनी ढोल-ताशांचं पथक बसवलंय, ते बंद जिममध्ये वाजायला लागलं. भिंती हादरत होत्या. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानात ओरडावं लागत होतं, आणि तरीही ऐकू जात नव्हतं. पोरगी पार दुसऱ्या टोकाला आपल्या मैत्रिणींमध्ये उभी होती, मशीनं काढून, मजेत. गर्दीच्या डोक्यांवरून तिनं आईकडे बघितलं आणि हात हलवायला सुरुवात केली. बायकोनं पलीकडून उत्तर दिलं. पोरगी आणखी काही म्हणाली, बायको हसली. त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये त्या दोघीच सावकाश, निवांत बोलत होत्या.

ढोल थांबल्यावर मी बायकोला विचारलं की काय म्हणत होती.

“भूक लागलीय म्हणते,” ती म्हणाली. “आणि साबुदाणा वडे संपायच्या आत बाबांना रांगेत उभं कर म्हणते.”

मी रांगेत जाऊन उभा राहिलो.