तांदळाच्या डब्यातला कॅमेरा

फोटो स्टुडिओत बसणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. हंगामात मेहकरात कापसाचे बारीक तंतू उडतात आणि न बोलावता चष्म्यावर, चहाच्या कपात, कॅमेऱ्याच्या पिशवीत येऊन बसतात, तसे ते येतात. एक झटकावा तर दोन चिकटतात. गेली दोन वर्षं मी शाळा सुटली की रौफभाईंच्या स्टुडिओत जातो. काम एकच होतं. मला माझ्या कॅमेऱ्यासाठी एक लेन्स निवडायची होती. एक! एवढ्या वेळात माणसं प्लॉट घेऊन, घर बांधून, वास्तुशांतीचं जेवण घालून मोकळी होतात.

पण आमच्या बैठकीत सल्ला फुकट मिळतो. रौफभाई स्टुडिओचे मालक. शेजारच्या कृषी केंद्राचे गजूभाऊ, बियाणं आणि फवारणीची औषधं विकणारे, दिवसातून चारदा चहाला येतात. आणि मी, भूगोलाचा मास्तर. तिघांपैकी लेन्सबद्दल सर्वांत ठाम मत गजूभाऊंचं. त्यांनी आयुष्यात मोबाइलशिवाय कशानंही फोटो काढलेला नाही!

* * *

कॅमेरा मी घेतलेलाच नाही. सुमननं घेतला. माझी बायको, तीही शिक्षिका. माझ्या पन्नाशीला मला न सांगता भेट द्यायची म्हणून अकोल्याला प्रशिक्षणाला गेली असताना एकटीच दुकानात गेली. घ्यायचा तर मोठ्या सेन्सरचा फुल-फ्रेमच, हे तिला माझ्या रोजच्या बडबडीतून पाठ झालं होतं.

दुकानदारानं विचारलं, "मॅडम, ओन्ली बॉडी देऊ का किटसोबत?"

किट म्हणजे पिशवी-बिशवी असणार, असा तिचा समज. ती बाणेदारपणे म्हणाली, "पिशव्या आमच्या घरी ढीगभर आहेत. ओन्ली बॉडी!"

घरी खोकं उघडलं. लेन्सच्या जागी प्लास्टिकचं गोल झाकण.

"याची काच कुठाय?"

"काच वेगळी मिळते. ती किटमध्ये होती."

"मग इतके दिवस तुम्ही कशाला फुल-फुल करत होता?"

रौफभाईंनी त्याच दिवशी आपली लेन्स देऊ केली. ती नको म्हणाली. "उसन्या लेन्सनं नाही. आपली येऊ द्या. तिनं पहिला फोटो माझा."

हे दिवाळीच्या आधी. होळीच्या आधी ती गेली. मधल्या दिवसांत आम्हाला दवाखान्याशिवाय दुसरं काही निवडायला सवड झाली नाही.

भिंतीवर लावायला रौफभाईंनी चांगला फोटो मागितला, तेव्हा माझ्याकडे एकही निघाला नाही. मोबाइलमधल्या प्रत्येक फोटोत ती कोणाला तरी वाढते आहे, नाही तर मागे वळून कोणाला तरी हाक मारते आहे. शेवटी शाळेचं ओळखपत्र सापडलं. त्यात ती सरळ समोर बघते. रौफभाईंनी तोच मोठा केला आणि तो बैठकीच्या भिंतीवर लागला.

* * *

तेराव्यानंतर कॅमेरा सापडेना. कपाटं पाहिली, दिवाण उपसला. घरात पाहुणे, कोणाला विचारायची चोरी.

पंधरवड्यानं माझी वहिनी स्वयंपाकघरातून ओरडली, "भाऊजी! इकडं या!"

तांदळाच्या मोठ्या डब्यात तिचा हात कोपरापर्यंत गेलेला. तिनं प्लास्टिकची पिशवी वर काढली, पिशवीत रुमाल, रुमालात कॅमेरा. दमट हवेनं कॅमेऱ्याला बुरशी लागते, आणि तांदूळ ओल ओढतो, हे मीच कधीतरी सुमनला सांगितलं होतं.

वहिनी म्हणाली, "आजवर मी तांदळातले खडे निवडले. कॅमेरा पहिल्यांदाच निघाला!"

* * *

आता सल्ल्यांचं ऐका. मी गजूभाऊंना समजावत होतो की एक पॉइंट आठची लेन्स ही पाच पॉइंट सहाच्या लेन्सपेक्षा महाग असते, कारण तिचं तोंड मोठं उघडतं, उजेड जास्त येतो.

"थांबा सर. आकडा लहान अन् भाव मोठा?"

"हो."

"म्हणजे आमच्या बीटीच्या पाकिटावाणीच. साडेचारशे ग्रॅम माल, अन् भाव पोत्याचा!"

इथवर ठीक होतं. मग त्यांना रौफभाईंच्या लेन्ससोबत आलेलं सामान दाखवलं. उन्हाची तिरीप अडवणारं काळं हूड, कापडी थैली, मागचंपुढचं झाकण. गजूभाऊंनी हूड उलटंसुलटं केलं आणि टेबलावर ठेवलं.

"हे नॉन-बीटीचं पाकीट हाय."

बीटी कपाशीच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची एक लहान पुडी येते. ती शेताच्या कडेनं लावायची असते, म्हणजे अळीला बीटीचं विष पचवायची सवय लागत नाही. ती पुडी सगळ्यांना मिळते. लावत कोणीच नाही.

मी वैतागून म्हणालो, "हूड लावावंच लागतं, गजूभाऊ. नाही लावलं तर फोटो पांढुरका येतो."

"पुडीबी लावाच लागते, सर. नाई लावली, अन् अळी आली. सांगून सांगून माही जीभ झिजली. आता तुमी तरी लावा!"

* * *

पिशवीचा किस्सा तर माझ्याच मूर्खपणाचा. कॅमेऱ्याची बॅग महाग आणि चोराला आमंत्रण, म्हणून गजूभाऊंनी बियाण्याच्या कंपनीकडून फुकट आलेली खांद्याची पिशवी दिली. पुढे हिरवं पान, खाली वाणाचं नाव. "यात कॅमेरा हाय हे कोनाच्या बापाले समजत नाई!"

खरंच समजलं नाही. जून महिना, पेरणीची घाई, आणि त्या वाणाचा बाजारात तुटवडा. मी हिवरा आश्रमला जायला एसटीत बसलो. शेजारच्या माणसानं पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आलं का हो?"

"काय?"

"वाण."

"अहो, यात कॅमेरा आहे."

पुढच्या सीटवरचे दोघं वळले. मागून एक आजोबा उठून आले. शेवटी मी पिशवी उघडून कॅमेरा बाहेर काढून दाखवला. शेजाऱ्यानं तो नीट पाहिला, आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "कॅमेरा वरून ठेवला, ते बेस केलं. खालचं पाकीट ब्लॅकमंदी कितीले?"

* * *

रौफभाईंच्या लेन्सा माझ्या कॅमेऱ्याला बसत. त्यामुळे बाहेरचं काम आलं की ते मला कॅमेऱ्यासकट घेऊन जात. असंच एका सप्टेंबरात बियाण्याच्या कंपनीचं काम आलं. गजूभाऊंचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या उत्तमकाकांच्या वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेच्या वर आलेली. कंपनीचा माणूस म्हणाला, भरगच्च दिसलं पाहिजे. रौफभाईंनी लांबची लेन्स लावली. दूर उभं राहून लांबच्या लेन्सनं फोटो घेतला की मागची झाडं पुढच्या झाडांना चिकटून येतात, मधली मोकळी जागा दिसतच नाही. उत्तमकाका बोंडांच्या समुद्रात छातीपर्यंत बुडालेले. कंपनीनं त्याचा बोर्ड करून बसस्टँडसमोर लावला.

त्याच वर्षी गुलाबी बोंडअळी आली. बाहेरून बोंड हिरवंगार, आत किडलेलं. पंचनाम्याला साहेब आले. उत्तमकाकांकडे पाहून थबकले. "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय."

"नाई जी."

"अहो, बसस्टँडवर! तुमचा कापूस तर लय जोरात आहे!"

काका तडक स्टुडिओत. "रौफ, त्या दिशी जी लावली होती ती कंपनीची लेन्स. आता सरकारी लाव!"

मी पुढे सरसावून भूगोलाच्या मास्तरासारखं समजावू लागलो, की लेन्स कोणाच्या बाजूची नसते, रुंद लेन्सनं जवळून घेतला तर शेत मोकळं दिसतं, लांबच्या लेन्सनं दुरून घेतला तर दाट दिसतं, आणि दोन्ही फोटो...

"सर," काका म्हणाले, "दोन्ही फोटो खरे असतीन, त मी कोनता?"

 दोन दिवस त्या बोर्डाकडे न बघता बसस्टँडवरून गेलो.

* * *

नुकसानभरपाईच्या अर्जाला फोटो जोडायचा होता. आम्ही पुन्हा वावरात गेलो. रौफभाईंनी यावेळी मॅक्रो लेन्स आणली, बारीक वस्तू मोठी दाखवणारी. काकांनी बोंड फोडून धरलं. आत गुलाबी अळी आरामात. फोटो असा आला की अळीच्या अंगावरचे केस मोजावेत!

कार्यालयातून अर्ज परत. "फोटोत शेतकरी ओळखू येत नाही."

बरोबर होतं. मॅक्रोत जवळचं बोंड स्पष्ट झालं की मागचा माणूस धूसर होतो. पुन्हा गेलो. या खेपेला काकांच्या चेहऱ्यावर फोकस. मिशी लखलखीत. अर्ज परत. "फोटोत कीड दिसत नाही."

तिसऱ्या खेपेला आम्ही ट्रायपॉड लावला, जवळचं-लांबचं दोन्ही स्पष्ट यावं म्हणून लेन्सचं तोंड बारीक केलं, काकांना बोंड गालाला लावून उभं केलं. वारा सुटला. बोंड हललं. काकांचा संयम सुटला.

"मी दिसलो का अळी दिसत नाई. अळी दिसली का मी दिसत नाई. पेरणीपासून आमी दोघं एकाच वावरात राहून राह्यलो बे, एका फोटोत काऊन मावत नाई?"

शेवटी दोन वेगळे फोटो एका कागदावर शेजारी शेजारी चिकटवले. अर्ज मंजूर झाला. काकांनी त्या कागदाची एक प्रत मागून घेतली.

* * *

मला कोणती लेन्स हवी होती ते मला पहिल्यापासून माहीत होतं. मोठी झूम. जागचं न हलता लांबचं टिपायचं, कोणाच्या जवळ जायला नको. रौफभाई दर वेळी मोडता घालत. एकदा वजन जास्त, एकदा उजेड कमी, एकदा "सर, ही लग्नवाल्याची लेन्स हाय, तुमची नाई." दोन वर्षं!

एक दिवस मी चिडलोच. "रौफभाई, मग मी काय घेऊ ते तरी सांगा!"

"पन्नास एमएम. एक पॉइंट आठ."

"त्यात झूम नाही."

"पाय देल्ले ना अल्लानं? दोन पावलं पुढं जा, झूम झालं. सर, तुमी दोन सालापासून मांगं मांगंच सरकून राह्यले."

 मी त्याच दिवशी पैसे भरले. नागपूरचा व्यापारी, सात दिवसांत परत घेण्याची अट.

* * *

लेन्स आली ती नेमकी आमच्या वृषालीच्या लग्नाच्या सुपारीच्या दिवशी. एकुलती एक मुलगी, चिखलीचं स्थळ. घर पाहुण्यांनी भरलेलं. गजूभाऊ दुकानावर आलेलं पार्सल घेऊन थेट बैठकीत, आणि तिथूनच ओरडले, "सर, काच आली!"

झालं! फोटो काढा, फोटो काढा. मी लेन्स बसवली. हूडसुद्धा लावलं. व्याही, विहीणबाई, मुलगा, वृषाली, वहिनी, सगळ्यांना सोफ्यावर आणि सोफ्यामागे उभं केलं. मी मागच्या पडद्यावर बघून फोटो काढतो. कॅमेरा आपणच चेहरा शोधतो आणि त्याच्यावर पिवळी चौकट बसवतो. विहीणबाई पदर सावरत होत्या, व्याही मोबाइलमध्ये, वृषाली खाली बघत होती, मुलगा वृषालीकडे. मी अकरा फोटो काढले.

सहाव्या दिवशी ते घेऊन स्टुडिओत गेलो. रौफभाईंनी पडद्यावर मोठे केले. एक, दोन, तीन. गजूभाऊ वाकून बघू लागले.

"हे काय हो? व्याही धुक्यात, विहीण धुक्यात. नवरी कोनती हेच समजत नाई!"

रौफभाई अकराही पाहून गेले आणि पुन्हा पहिल्यावर आले. "लेन्समंदी फॉल्ट हाय, सर. फोकस मांगं जाऊन राह्यला. सरळ भिंतीवर." त्यांनी भिंतीचा भाग मोठा केला, आणि हात माउसवर तसाच राहिला.

चंदनाच्या हाराचा मणी न् मणी मोजता येत होता. साडीची बारीक किनार, कपाळावरची टिकली, डाव्या भुवईवरचा व्रण. त्या सगळ्या माणसांत सरळ कॅमेऱ्याकडे बघणारी ती एकटीच होती.

 रौफभाई माझ्याकडे वळले.

"सर, पिवळी चौकट दिसली नसंल तुमाले. घाईत होते."

"दिसली होती."

"कधी?"

"पहिल्याच फोटोला."

गजूभाऊ उठून दारात जाऊन उभे राहिले. रौफभाईंनी पडदा बंद केला नाही.

"उद्या परतीचा आखरी दिवस हाय," ते म्हणाले. "खोकं द्या, आजच कुरियर करतो."

"खोकं रद्दीत गेलं," मी म्हणालो.

हिरव्या पानाची पिशवी माझ्या मांडीवर होती. तिच्यातून खोक्याचा कोपरा बाहेर आला होता. रौफभाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि तीन चहा सांगितले.