पट्टीमामांचा शेवटचा रकाना

पट्टीमामांसमोर कोणी म्हणालं, "नदीला कमरेएवढं पाणी आलंय," तर ते लगेच विचारत, "कोणाच्या कमरेएवढं?" माणूस हसायचा. मामा हसत नसत. उत्तर येईपर्यंत तोंडाकडे बघत राहायचे.

पेठ तालुक्यात, घाट उतरून पश्चिमेला धावणाऱ्या एका लहान नदीवर ते पाणी मोजायला होते. काठावर रोवलेल्या खांबाला काळ्या-पांढऱ्या खुणांची लोखंडी पट्टी. सकाळ, दुपार, संध्याकाळ पाणी तिच्यावर कुठवर आलं ते बघायचं आणि सरकारी वहीत लिहायचं, एवढी नोकरी. मूळचे दिंडोरीकडचे. आषाढात नदी झाडं उपटून आणायची, तेव्हा इरलं पांघरून तासातासाला ते खाली उतरत.

"या पावसात तपासायला कोण येतंय, मामा? घरात बसून लिहा की," मी एकदा म्हणालो.

"घरात बसून लिहिलेलं पाणी कोणाला प्यायला मिळतं का?"

मी नाशिकहून खांद्याला शबनम अडकवून तिकडे गेलो तो भांडायलाच. नदीच्या उगमाजवळ बंधारा घालून सगळं पाणी डोंगरापलीकडे पूर्वेला वळवायचा बेत होता. सरकारी कागद म्हणत होता की नदी फाल्गुनानंतर कोरडी असते, खालच्या पाड्यांवर तिचं पाणी कोणी वापरत नाही, म्हणून खाली पाणी सोडायची गरज नाही. एका वाक्यात सहा पाडे पुसले! मी बसल्या बैठकीला पत्रकाची स्टेन्सिल कापली: 'बारमाही वाहणाऱ्या नदीचा गळा घोटू नका!' तीनशे प्रती काढल्या आणि पहिली मामांच्या हातात दिली.

मामांनी खिशातली निळी पेन्सिल काढली आणि 'वाहणाऱ्या'वर काट मारली.

"वाहते कुठं चैत्रात? पट्टीवर शून्य असतं."

"मामा, तुम्ही सरकारचे की आमचे?"

"तुमचा हाय म्हणून तर खोडतो. बंधाऱ्याच्या सुनावणीत साहेब तुमचाच हा कागद दाखवून तुम्हाला खोटं पाडतील. खोडा सगळे, पत्रकवाले."

खोडले. तीनशेच्या तीनशे, दात-ओठ खात. पण मग 'बारमाही' का ठेवलं, असं विचारलं, तर मामा चपला घालून उठले. "चला, दाखवतो."

चैत्रच होता. पट्टीचा खांब कोरडा ठणठणीत, पात्रात नुसते गोटे. जरा खाली वाळूत गुडघाभर खड्डा होता आणि खालच्या पाड्यावरची सोनीबाई त्यातून वाटीवाटीने हंडा भरत होती. हा झिरा. वाळूखालून पाझरणारं पाणी त्यात जमतं. एका बाईचा हंडा भरला की झिरा पुन्हा भरेपर्यंत दुसरी थांबते. शेवटची जाताना वर करवंदीची काटेरी फांदी टाकते, म्हणजे गुरं तोंड घालत नाहीत.

"शून्य म्हंजे पाणी पट्टीच्या खाली गेलं," मामा म्हणाले. "संपलं नाय. वर डोंगरातून येतं म्हणून हिथं पाझरतं. वर तोंड बांधलं की हे लय तर दोन वर्षं टिकंल."

त्यांनी वही उघडली. आकड्याच्या रकान्यात शून्यांची रांग. पण शेवटच्या, शेऱ्याच्या रकान्यात, जिथे बाकीचे मोजणीदार रेघ ओढतात, तिथे दर दिवशी लिहिलेलं होतं: 'झिऱ्यात पाणी आहे. बायका भरतात.' माझ्या पत्रकात बायका कुठेच नव्हत्या. नुसती उद्गारचिन्हं होती.

तालुक्याला सुनावणी झाली. साहेबांनी वहीतली शून्यं मोठ्याने वाचली. मागून मामा उठले. सरकारी नोकर, त्याच खात्याचे.

"साहेब, पुढचा रकाना पण वाचा."

"तो वाचायचा नसतो."

"मग छापता कशाला?"

मांडव हसला. साहेब चिडले. "तुमचं काम आकडा लिहायचं. खाली बसा!"

तेवढ्यात सोनीबाई उभी राहिली. "मंग साहेब, आमी उन्हाळाभर काय पितो? तुमचा आकडा?"

मामा बसले नाहीत. शेवटचा रकाना त्यांनी स्वतः वाचला, फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत. तेच वाक्य, पुन्हा पुन्हा, आवाज न चढवता. बंधारा रद्द झाला नाही. पण त्याच्या तळाशी बारा महिने उघडी राहणारी मोरी ठेवायची, असा हुकूम निघाला.

दुसराही हुकूम निघाला. महिन्याच्या आत मामांची बदली, नांदगावकडच्या एका कोरड्या ओढ्यावर. कारण लिहिलं नव्हतं. लिहायची लाज वाटली असेल. मी एसटीच्या थांब्यावर तावातावाने म्हणालो, "याचं पत्रक काढतो!"

"माझं नका काढू. मोरी उघडी हाय का ते बघत जा. हुकूम वाचून नाय, वाकून." आणि ट्रंक उचलून चढले. पुन्हा भेट झाली नाही. तिकडे एका पावसाळ्यात ते गेल्याचं कळलं ते फार उशिरा.

बंधारा झाल्यापासून दर चैत्रात मी त्याच्या तळाशी जाऊन वाकतो. यंदा मोरीत आतून दगड आणि सिमेंटची पोती रचलेली होती. खाली झिऱ्यावर सोनीबाई रिकामा हंडा घेऊन बसली होती. स्टेन्सिल कापायला घेतली तेव्हा 'पूर्ण बंद' हे शब्द हातात आले होते. तसाच परत मोरीपाशी गेलो, पालथा पडलो आणि हात आत घातला.

पत्रक उद्या वाटतो आहे. पहिली ओळ अशी: 'मोरी बुजवली आहे. हात कोपरापर्यंतच जातो.' कोणाचा हात, तेही खाली लिहिलं आहे.