कडावच्या मांडवात थांबलेला धवला

प्रिय इरा आणि निहार,

परवा फोनवर इराने विचारलं, "आजी, माझ्या लग्नात तू मला हळद लावशील ना?" आणि मी विषय बदलून हवामानाकडे गेले. विधवेने नवरीला हळद लावू नये, ही आपल्याकडची जुनी रीत. तुमचे आजोबा गेल्यापासून मी अशा वेळी मागच्या खुर्चीवर बसते. कुणी बसवत नाही, माझी मीच बसते. इराला द्यायचं उत्तर मला कर्जतजवळच्या कडाव गावात मिळालं, म्हणून पिशवीही न उपसता लिहायला बसले आहे.

प्राजक्ता तुम्हाला आठवते ना? नर्सिंग शिकताना आपल्या पुण्याच्या घरी तुमच्या खोलीत राहायची ती. तिच्या हळदीला मी पुण्याहून निघाले. घाट उतरताच हवा अंगाला चिकटू लागली. कर्जत स्टेशनवर गरम वडा खाल्ला, पानाच्या द्रोणातली करवंदं घेतली आणि रिक्षा केली.

"हलदीला ना, आजी? कडावात आज मांडवच मांडव हायत," असं म्हणून रिक्षावाल्याने पहिल्याच मांडवात मला उतरवलं. तिथे मला सरबत मिळालं, खुर्ची मिळाली, साडीचं कौतुक झालं. मग फलकावर भलत्याच नवरीचं नाव दिसलं. मी गडबडून उठले, तर एक बाई हसून म्हणाली, "बस गं आजी, जेवून जा. आमची हलद काय कमी पिवली हाय?"

प्राजक्ताचं घर शेवटच्या आळीत. मागे भाताची कापलेली, भेगाळलेली शेतं आणि त्यापलीकडे माथेरानचा निळा डोंगर. परसात प्राजक्ताची आई सुनंदा चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. शेती करून, दूध घालून एकटीने लेकीला शिकवलं तिने.

"सुनंदा, मांडवात चल ना."

"मी हितंच बरी, आजी. भाकऱ्या कोन करंल?" ती हसली, पण तिची नजर मांडवातून हलत नव्हती. हळद तिची मोठी जाऊ लावणार होती. तसं ठरलंच होतं.

मांडवात स्पीकर दणाणत होता. इतक्यात पार्वतीबाय आल्या. या गावच्या धवलारीण (लग्नाचे विधी गाण्यांनी चालवणारी स्त्री, त्या गाण्यांना धवला म्हणतात). ठेंगण्या, पिकलेल्या केसांच्या, काष्ट्याचं लुगडं नेसलेल्या. त्यांनी नुसता हात वर केला.

"तो डबा बंद कर रं! देव काय नाचाया येनार हायत?"

स्पीकर गप्प झाला. पार्वतीबाय पाटाजवळ बसून गाऊ लागल्या. गावदेवीला, सूर्याला, चंद्राला, विहिरीतल्या पाण्याला, शेताच्या बांधाला, सगळ्यांना लग्नाचं बोलावणं. इथली पद्धत अशी, की गाणं सांगेल तसेच हात हलतात. गाण्याने नाव घेतल्याशिवाय हळदीला बोट लावायचं नाही.

जाऊबाई वाटी घेऊन सज्ज होत्या. पार्वतीबाय गायल्या:

"पयली हलद कोनाची गं, कोनाची?
जिनं पोर पोटात वायली, तिची गं, तिची."

जाऊबाईंचा हात थांबला. "पार्वतीबाय, फुडची ओळ घ्या की."

पार्वतीबायांनी तीच ओळ पुन्हा घेतली.

"आवं, ती रांडाव बाई. रिवाज नाय आपल्यात!"

"येवड्या देवांना आवतान धाडलं, ते समदे आलं," पार्वतीबाय म्हणाल्या. "आन् आई चुलीम्होरं? देव इचारतील मला, मी काय सांगू?" आणि पुन्हा तीच ओळ.

धवला अडला तसं लग्नच अडलं. प्राजक्ता पाटावर मान खाली घालून बसली होती, पण तिच्या ओठांवर ती ओळ होती. मग मागून एक बाई गाऊ लागली, मग दोघी, मग सगळा मांडव. शेवटी जाऊबाईच उठल्या, परसात गेल्या आणि सुनंदाला दंडाला धरून घेऊन आल्या.

"चल गं बाय, न्हायतर ही म्हातारी आमाला उपाशी मारंल!"

सगळे खदखदून हसले. सुनंदाचे हात पिठाने पांढरे होते. तसेच ते हळदीत बुडाले आणि लेकीच्या गालावर टेकले. दोघींना रडू फुटलं आणि पार्वतीबायांनी पुढची ओळ घेतली.

मी मागच्या खुर्चीवरून बघत होते. सुनंदा थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आजी, उठा."

"अगं, मी..."

"मी बी तुमच्यासारकीच हाय. उठा!"

मी उठले.

जेवताना पार्वतीबायांना विचारलं, "ही ओळ जुनी का?"

मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करत त्या म्हणाल्या, "माजा घरवाला गेला तवा लोक बोललं, धवला सोड. मी बोलले, देव आयकतात माजं, तुमी कोन? त्या राती चुलीपाशी जोडली ही ओळ. देवाला नुसतं हात जोडलं होतं, तोंडातून गानं आलं."

दुसऱ्या दिवशी पुण्याला परतले. गाडीत शेजारच्या बाईने माझ्या पिवळ्या हातांकडे बघून विचारलं, "घरचंच लग्न का?" मी हो म्हणाले.

तर इरा, हो. लावीन. पहिली तुझ्या आईची, मग माझी. धवला मला गाता येत नाही, पण ती एक ओळ मी पाठ केली आहे. हातांची हळद आता उतरत चालली आहे. कडावला पार्वतीबाय अजून गातात.