नवं मॉडेल मे महिन्यातच आलं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ तर नाहीच—तिच्याच भावाची गोष्ट आहे.

नारायण पेठेत माझं दुरुस्त केलेल्या जुन्या लॅपटॉपचं दुकान आहे; थोडा नवा मालही ठेवतो. फुटपाथवर चार्जर विकत इथवर आलोय, तेव्हा भोळा नाही. मला एकच गोष्ट कायम खटकते. आमचा जुना माल जोरात खपायला लागला, की नेमकं नवं मॉडेल येतंच कसं? एकदा ठीक आहे. दरवेळी? कंपन्यांचा आमच्या गल्ल्यावर डोळा असतो, असं मी तेव्हाही म्हणायचो—आजही म्हणतो.

त्या वर्षी कॉलेजं सुरू व्हायच्या आधी मी एकाच मॉडेलचा मोठा लॉट उचलला. आणि दिवाळीत येणारं नवं मॉडेल मे महिन्यातच आलं, वर 'जुना द्या, नवा घ्या'. माझा माल पडून राहिला. डोकं फिरलं. माझ्या लॉटची बातमी कंपनीपर्यंत फोडली कुणी? काउंटरवर माझ्याशिवाय एकच जण बसायचा—मेहुणा, विलास.

गिऱ्हाइकांसमोर त्याला धरलं. फितूर म्हणालो. तो एवढंच म्हणाला, "दाजी, कंपनीचा माणूस आला की बोलणी तुम्हीच करता. मी तर चहा सांगायला बाहेर जातो."

आणि—कसं सांगू?—मला आठवलं. त्या माणसाकडून नव्या मालाचा भाव पाडून घ्यायचा, म्हणून मीच त्याला डिवचलं होतं. "तुमचं नवं विचारतंय कोण, साहेब? जूनमध्ये बघा, यावर उड्या पडतील!" असं म्हणत ते जुनं मॉडेल दाखवलं. आतली खोली उघडून सगळा लॉटही दाखवला. त्याने भाव उतरवला. मी खूश.

एका दुकानदाराच्या फुशारकीवर कंपनी तारीख हलवेल? नसेलही. की असा चहा तो शंभर दुकानांत प्यायला होता? ठाऊक नाही. पण आपल्या दुकानातून बोललं कोण, हे मला त्या क्षणी कळलं होतं. तरी मी थांबलो नाही. "चालता हो," म्हणालो—आवाज आणखी चढवून.

फितूर हा शब्द बाजारभर झाला. विलासला कुणी काउंटरवर बसवेना. आता तो विश्रांतवाडीला असतो, मिळेल ते काम करतो. भाऊबीजेला आमच्याकडे येत नाही. बायकोच ओवाळायला तिकडे जाते. चपला घालताना विचारते, "अहो, त्यानंच सांगितलं होतं ना, नक्की?"

दरवर्षी मी हो म्हणतो.