मसाल्याच्या डब्यातल्या गोळ्या

मला बारीक अक्षरं वाचायचा नाद आहे. साबणाचं वेष्टन, फिनेलच्या बाटलीमागचा कागद, शाम्पूच्या पुडीची मागची बाजू, काही सुटत नाही. लोहाऱ्यात शाळेवर विज्ञान शिकवते, त्यामुळं पोरं म्हणतात, बाईंच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊ नका, खायच्या आधी वाचत बसतील. आणि एवढं वाचणारी मी, घरातल्या गोळीवरचं वाचायला मात्र सासऱ्यांना दोनदा फिट यावी लागली.

मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, हा आजार जुनाच. सकाळी एक आणि संध्याकाळी एक गोळी चालू झाल्यापासून चार वर्षं काही झालं नव्हतं. गोळ्या द्यायचं काम सासूबाईंचं. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. वाचता येत नाही, पण त्यांनी आपली सोय आपणच लावली होती. मेडिकलातून पाकीट आलं की कात्रीनं एकेक गोळी कापून वेगळी करायची आणि जुन्या मसाल्याच्या डब्यात टाकायची. मोहरीच्या वाटीत मामांच्या फिटच्या, जिऱ्याच्या वाटीत बीपीच्या, हळदीच्या वाटीत स्वतःच्या गुडघ्याच्या. "मोहरीतली घ्या," म्हणायच्या, आणि मामा निमूट हात पुढं करायचे. मला त्या डब्याचं हसू यायचं, पण कौतुकही वाटायचं.

एक दिवस सकाळी मामा अंगणात तोंड धुता धुता पडले. दातखीळ, हातपाय ताठ, तोंडाला फेस. शुद्धीवर आल्यावर सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी गेल्या, डब्याकडं. माझी जीभ आधी चालते, डोकं मागून येतं. मी म्हटलं, गोळ्यांचं हे लोणचं घालून ठेवलंय, कोणती कुठं गेली देव जाणे. आमच्या ह्यांना तो डबा कोणत्या फळीवर असतो हेही माहीत नव्हतं, पण तेही बोलून मोकळे झाले.

"म्या कदी चुकले न्हाय," आत्याबाई एवढंच म्हणाल्या.

कुणी ऐकून घेतलं नाही. मी वाट्या रिकाम्या केल्या आणि गोळ्यांचं खातं माझ्याकडं घेतलं. आत्याबाईंनी डबा घासून पालथा घातला. भेटायला येणाऱ्या बायका हळू आवाजात म्हणायच्या, वय झालं आता, व्हायचंच. त्याचा परिणाम असा झाला की चाळीस वर्षं घर चालवलेली बाई भाजीत मीठ टाकायच्या आधी मला विचारायला लागली. मला ते दिसत होतं, पण मी म्हटलं, मामांच्या जिवाचा प्रश्न आहे, थोडं वाईट वाटलं तर वाटू दे.

मी नवी पाकिटं आणली, न कापता ठेवली, मोबाइलवर दोन गजर लावले. एक गोळी चुकली नाही. आणि पंधरा दिवसांत मामांना पुन्हा फिट आली, माझ्या डोळ्यांदेखत.

आता कुणाचं वय झालं? मला कुणी काही बोललं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

मामांना घेऊन उमरग्याला डॉक्टरांकडं गेले. गोळी वेळेवर देता का, या प्रश्नावर मी जरा तडकूनच व्हय म्हटलं. त्यांनी शांतपणे पाकीट मागितलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, गोळी बंद करायची नाही, औषध हेच, पण कंपनी दुसरी घेऊ. कंपनीनं काय फरक पडतो, मी विचारलं. तर म्हणाले, बाई, सरकार दुकानातून औषधांचे नमुने उचलून तपासतं आणि कसोटीत कमी पडलेल्यांची यादी दर महिन्याला नेटवर लावतं, कधीतरी वाचा.

मला वाचा म्हणायचा अवकाश! परतीच्या एसटीत मामा खांद्यावर डोकं टेकून झोपले आणि मी मोबाइलवर यादी उघडली. काय नव्हतं त्यात! खोकल्याचं औषध, डोळ्यात घालायचे थेंब, जखमेवर बांधायची पट्टी. एखादं मलम, एखादी टूथपेस्टसुद्धा. प्रत्येकापुढं बॅच नंबर, म्हणजे एका घाण्यात निघालेल्या मालाचा नंबर, आणि कशात नापास ते. मी वर्गात पोरांना नापास करते, पण गोळी नापास होते हे मला नवीन होतं. कुणीतरी कुठंतरी गोळी पाण्यात ढवळून, घड्याळ लावून, ती किती विरघळली हे मोजत बसतं, या गोष्टीचं मला फार नवल वाटलं. पुढच्या पानावर आमच्या गोळीचं नाव दिसलं. कारण लिहिलं होतं, ठरल्याइतकी विरघळत नाही, म्हणजे गिळली तरी औषध रक्तात पुरतं उतरत नाही. पर्समधून पाकीट काढून त्याच्या टोकावर दाबून उठवलेला नंबर पाहिला. तोच होता.

माझी पाकिटं तीच निघाली. पण पहिल्या फिटच्या वेळी आत्याबाईंनी कुठली दिली होती? कापलेल्या गोळ्यांवर तर काहीच नसतं. घरी येऊन त्यांना विचारलं. त्या देवघराच्या बाजूला गेल्या आणि भिंतीवरची तार काढून आणली. लाइटबिलं खोचायला असते तसली आकड्याची तार. तिला पाकिटांची टोकं ओवलेली होती. मेडिकलवाल्यानं कधीतरी सांगितलं होतं म्हणे की मावशी, नंबराचा उठाव हाताला लागतो ते टोक शेवटपर्यंत ठेवा. म्हणून त्या नेहमी दुसऱ्या बाजूनं कापायला घ्यायच्या. उठावाच्या टोकाची गोळी दिली की पाकीट संपलं, ते टोक दुकानात दाखवून नवीन आणायचं, आणि जुनं तारेला लावायचं. पाच दिवसाला एक टोक, चार वर्षांचं. एकही दिवस इकडंतिकडं झाला नव्हता.

मी मोबाइलचा कॅमेरा मोठा करून वरून वाचत खाली गेले. वरची दोन टोकं त्याच बॅचची होती. त्याखाली दुसरे नंबर. त्या दोनांतलं अगदी वरचं टोक तारेला लागलं त्याच आठवड्यात मामा अंगणात पडले होते.

मी डबा सुलटा केला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. विरघळण्याचं सगळं शास्त्र फळ्यापुढं उभं राहून सांगावं तसं सांगितलं. डॉक्टर अगदी खात्रीनं नाही सांगणार, पण कारण हेच दिसतं, असंही म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ज्येंच्या घरी तार न्हाय, त्येंनी काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी त्याच मला मेडिकलात घेऊन गेल्या. दुकानदाराला तो माल परत पाठवायचा निरोप नुकताच आला होता. विकलेला कुणाकुणाकडं गेला, हे सांगता येईना, कारण गावात बिल मागतंय कोण! पण ही गोळी नेणारं आणखी एक घर त्याला आठवलं.

त्या घरात अकरावीतली मुलगी होती. महिन्यात तीनदा फिट आली होती, कॉलेज बंद. पाकीट पाहिलं, नंबर तोच. आता ही गोळी डॉक्टरांना दाखवून बदलून घ्या, मधे एक दिवसही खंड पडू देऊ नका, असं मी सांगत होते. मुलीची आई मधेच रडायला लागली. नवरा आणि सासू रोज म्हणत होते म्हणे, तूच गोळी द्यायला विसरतेस.

आत्याबाई तिच्याजवळ सरकल्या. तिचा हात हातात घेतला.

"तू न्हाय चुकलीस, बाई."

मी डबा परत दिला, शास्त्र सांगितलं, पण हे एवढं वाक्य आमच्या घरात कुणीच बोललं नव्हतं. घरी चालत येताना कोपऱ्यावर थांबले आणि म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही चुकला नव्हता. मी चुकले."

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "चल, त्यांच्या गोळीची येळ झाली."